माझ्या निधनाबद्दल थोडी दुरुस्ती

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी या जगात नसेन. या एका वाक्यासाठी तीन कागद फाडले आहेत, तेव्हा जरा सावकाश वाच.

तुझ्या थोरल्या भावाचं हृदय थकलं आहे. आधी जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं. आता दुकानातल्या दुकानात, कापायच्या टेबलापासून इस्त्रीपर्यंत गेलं तरी धाप लागते. संध्याकाळपर्यंत पाय असे सुजतात की मोज्याची शिवण कातडीवर उमटते. परवा हृदयाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "गोळ्या चालूच ठेवू. पण आता तुम्हाला पॅलिएटिव्ह केअरच्या टीमलाही दाखवू या." मी म्हटलं, "ते काय असतं?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि मी बाहेर आलो. त्या विभागाच्या दारावर खाली मराठीतही लिहिलंय: परिहार सेवा. परिहार म्हणजे निवारण. आता कुणाचं निवारण? त्या खोलीत तर मी एकटाच शिरणार होतो.

शेजारच्या घड्याळवाल्याला विचारलं. त्यानं डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता सांगितलं, "म्हणजे आटोपलं. आमच्या सासऱ्यांना तिकडे नेलं आणि आठ दिवसांत गेले."

मला सोमवारी बोलावलंय. तेवढ्यात जमेल तशी आवराआवर केली. माझी मोठी कातरी समोरच्या शिंप्याला देऊन टाकली. होय, त्याच समोरच्या शिंप्याला. तो रडला. शाळेच्या हेडमास्तरांना खरं सांगून टाकलं, की गेली वीस वर्षं मी त्यांची कंबर चौतीस म्हणून मोठ्यानं सांगतो आणि वहीत एकेचाळीस लिहितो. मन हलकं झालं. त्यांचं काय झालं ते माहीत नाही, ते तसेच निघून गेले. घड्याळवाल्यालाही सांगितलं की तो शीळ वाजवतो ती बेसूर असते. तुझ्या वहिनीला मात्र काही सांगितलेलं नाही. ती घाबरेल. तिला वाटतंय मी पित्ताचं दाखवायला जातोय.

राहता राहिलास तू. नऊ वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. असो. मी तुला मोठ्या मनानं क्षमा केली आहे. चूक कुणाची होती हे आता मी काढत नाही, जरी ती कुणाची होती हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

हे पत्र घड्याळवाल्याकडे ठेवतोय. वेळ आली की तो पेटीत टाकेल. वेळेच्या बाबतीत त्याच्याइतका भरवशाचा माणूस गावात दुसरा नाही.

तुझा (कैलासवासी) दादा

२१ फेब्रुवारी

बारक्या,

मी आहे.

तू वहिनीला लिहिलेलं सांत्वनाचं पत्र काल आलं. तिनं दारातच उघडलं, उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पाहतो तर हसतेय, पदर तोंडात कोंबून. मग आत हाक मारली, "अहो, या जरा. तुमच्याबद्दल आलंय."

आता हे झालं कसं ते ऐक. सोमवारी मी गेलो, तर त्यांनी पाय बघितले, छातीला नळी लावली आणि म्हणाले, अंगात पाणी फार साठलंय, चार-पाच दिवस राहा. मी राहिलो. इकडे घड्याळवाल्यानं तीन दिवस माझं शटर बंद पाहिलं आणि काय ते ओळखलं. पत्र पेटीत टाकलं. पेटीपाशी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला म्हणे. शुक्रवारी मी रिक्षातून उतरलो तेव्हा त्याच्या हातातलं भिंग खाली पडलं. पहिलं वाक्य काय बोलला माहितीये? "आता टाकलं मी ते!" जणू चूक माझीच.

आणि ते त्याचे सासरे, आठ दिवसांत गेलेले, ते त्र्याण्णव वर्षांचे होते. हे त्यानं आधी सांगितलं नव्हतं.

त्या खोलीत नक्की काय झालं ते तुला सांगायला हवं, कारण मी चार दिवस ज्या भीतीनं मेलो ती भीती चुकीच्या दाराची होती. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होती. ना पांढरा कोट, ना मेज मध्ये. खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. तुझी वहिनी माझ्या शेजारी. हो, ती आली होती. पित्तासाठी कुणी छातीचे रिपोर्ट काखेत घेऊन जात नाही, एवढं तिला कळतं म्हणाली.

मी सरळच विचारलं, "बाई, किती दिवस?"

ती म्हणाली, "काका, ते मला खरंच माहीत नाही. तुमचं हृदय अशक्त आहे आणि ते पूर्ववत होणार नाही, हे खरं आहे. पण आज मला दुसरंच विचारायचंय. तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

बारक्या, एकसष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "जिन्याचा."

"आणखी?"

"बुटाची नाडी बांधायला वाकलं की जीव वर येतो."

"आणखी?"

"समोरच्या शिंप्याचा."

"त्यावर आमच्याकडे औषध नाही," ती म्हणाली. पण लिहून घेतलं! मी पाहिलं.

मी म्हटलं, "म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी मला सोडलं ना?" तर म्हणे, नाही, ते त्यांचं काम करतच राहणार, हृदयाच्या गोळ्या तशाच चालू. ही मंडळी बरोबरीनं श्वासाचं, दुखण्याचं, झोपेचं, भीतीचं बघतात. "लोक आमच्याकडे फार उशिरा येतात, म्हणून आमचं नाव वाईट झालंय," ती म्हणाली. वहिनी लगेच, "यांचंही तसंच आहे, कपडे वेळेवर दिले असते तर," वगैरे. दोघींचं तिथेच जमलं.

तुझ्या पत्राबद्दल. चष्मा लावून दोनदा वाचलं. आपल्या मागं लोक काय म्हणतील ते सहसा माणसाला वाचायला मिळत नाही. तू लिहिलंयस, "दादा तापट होता, हट्टी होता, पण त्यानं शिवलेली पँट कधी उसवली नाही." इथवर मी वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढचं मनात वाचलं. "आईच्या वेळी तो चुकला. हे तोंडावर सांगायचं राहून गेलं."

त्यावर आज काही लिहीत नाही. दम लागतो.

दादा

८ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "जिवंत असल्याचं कळलं. पुढच्या वेळी खात्री करून कळव." नऊ वर्षांनी आलेली पहिली ओळ म्हणून मी ती आरशात खोचून ठेवली आहे. गिऱ्हाइकं वाचतात आणि माझ्याकडे बघतात.

खरी अडचण अशी की मी मरायची सगळी तयारी केली आणि आता मला बरं वाटतंय. पूर्ण बरं नाही, ते होणार नाही, हे मला समजलंय. पण जिना एका थांब्यात चढतो. दोन उशांना टेकून सलग झोपतो. टेबलापाशी उंच स्टूल आलंय, उभं राहायचं नाही म्हणून. धाप लागली की हातात धरायचा एक चिमुकला पंखा दिलाय, तो नाकासमोर धरायचा. मला वाटलं थट्टा करतायत. पण गार वारा तोंडावर आला की छाती खरंच निवते. मी पंखा धरून बसलो की हेडमास्तर... थांब, हेडमास्तरांचं सांगतो.

हेडमास्तर महिनाभर फिरकले नाहीत. मग परवा आले, टेबलापाशी उभे राहिले, हात वर केले आणि म्हणाले, "मोजा. आणि खरं सांगा." मी मोजलं. अडतीस! सकाळी चालायला जायला लागलेत. म्हणाले, "तुम्ही मरणार म्हणून मी गप्प बसलो, नाहीतर वहाण काढली असती." मी क्षमा मागितली. त्यांनी दोन पँटी टाकल्या, घाई नाही म्हणाले. मला घाई आहे की नाही हे त्यांना विचारायचं होतं, पण धीर झाला नाही.

कातरीचं अवघड गेलं. दिलेली वस्तू परत कशी मागणार? रस्ता ओलांडून दोनदा गेलो आणि हवापाण्यावर बोलून परत आलो. तिसऱ्या वेळी समोरचा शिंपीच म्हणाला, "कातरी हवी असेल ना?" मी म्हटलं, "छे, छे, सहज आलो." तर म्हणे, "घेऊन जा बाबा, माझ्या हाताला ती बसतच नाही. पण मी रडलो ते खरं होतं." आता रोज चारच्या चहाला तो इकडे येतो. एकूण सांगायचं तर तो माणूस वाईट नाही, काज मात्र अजून भयंकर करतो.

घड्याळवाल्यानं शीळ सोडली आहे. हे एकच काम परत फिरवायचं नाही असं मी आणि वहिनीनं ठरवलंय.

दर मंगळवारी घरी सिस्टर येते. उंच, खांद्यानं रुंद, स्कूटरवरून. पाय दाबून खड्डा पडतो का बघते, वजन बघते, गोळ्यांचा डबा तपासते. पहिल्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली होती. ती बाहेरून म्हणाली, "काका, सावकाश. मला कुठे जायचं नाही." वीस मिनिटं वहिनीशी गप्पा मारत बसली. शेवटी मलाच कंटाळा आला. बाहेर आलो तर दोघी माझ्याबद्दलच बोलत होत्या, आणि सगळं खरं.

तिनं श्वासासाठी मॉर्फिनचं पातळ औषध आणलं, थेंबभर म्हणावं इतकं. नाव ऐकून तुझी वहिनी ताडकन उठली. "म्हणजे अफू? एकसष्टाव्या वर्षी यांना व्यसन लागलेलं मला चालणार नाही. चहाचं सुटेना अजून." सिस्टरनं तिला समजावलं, की डोस लहान आहे, डॉक्टर ठरवतात तेवढाच घ्यायचा, कमीजास्त आपल्या मनानं करायचं नाही, आणि यानं लवकर मरण येत नाही, धापेची घबराट कमी होते. एक गोष्ट मात्र खरी, की यानं पोट साफ होत नाही, म्हणून बरोबर पोटाचंही औषध. वहिनीनं वहीत सगळं उतरवलं आणि खाली रेघ मारली. आता डोसाच्या वेळी ती चमच्याकडे अशी बघते, जणू मी तिथे चोरून प्यायला बसलोय.

सिस्टरच्या कोटाचा खिसा फाटका होता. सगळं त्यात कोंबते ना. मी कोट मागून घेतला, खिशाला आतून जाड अस्तर लावून दिलं. ती म्हणाली, "हातात बळ दिसतंय." मी म्हटलं, "हात ठीकच आहेत. पंप बिघडलाय."

तू क्रेन चालवतोस, तिथे वर वारा फार असतो का? सहज विचारलं.

दादा

२ एप्रिल

बारक्या,

आज विनोद जमेल असं वाटत नाही. तरी बघतो.

पहिल्या पत्रात मी तुला क्षमा केली होती. ती मागे घेतो. ती माझ्याकडे नव्हतीच, देणार कुठून?

आईच्या वेळी तू या परिहार सेवावाल्यांचं पत्रक घेऊन आला होतास. घरी येऊन बघतात, दुखणं कमी ठेवतात, असं काहीतरी त्यावर होतं. मी ते न वाचता फाडलं. आत्या, काका, सगळ्यांसमोर म्हणालो, "आईला मारायला निघालास? मी शेवटपर्यंत लढणार." माझ्या त्या वाक्याला सगळ्यांनी माना डोलावल्या. फार छान वाटलं होतं मला. लढत कोण होतं? आई. मी आयसीयूच्या काचेबाहेर बाकावर बसलो होतो. सतरा दिवस. श्वासाची नळी ओढते म्हणून तिचे हात पट्टीनं बांधले होते, ते तू पाहिलंस आणि निघून गेलास. तुला जे माहीत नाही ते आता सांगतो. नळी घालायच्या आधी, मी एकटाच आत होतो तेव्हा, ती म्हणाली होती, "दादा, मला घरी ने. माझ्या खिडकीपाशी." मी म्हटलं, "बरी झालीस की नेतो." बाहेर आलो आणि कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही, कारण तू म्हणाला असतास, चल, नेऊ या.

आईचा कॅन्सर पोटभर पसरला होता. ती बरी होणार नव्हती. डॉक्टरांनी मला ते सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं नव्हतं. बारक्या, मी चुकलो. तू बरोबर होतास आणि नऊ वर्षं त्याची शिक्षा तू भोगलीस.

हे मी सिस्टरला मंगळवारी बोललो. ती सांत्वन करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही घाबरला होतात. पुष्कळ मुलं घाबरतात. भावाला सांगितलंत का?" म्हणून हे पत्र.

आता दुसरं. तिनं एक फॉर्म आणला आहे. पुढे कधी मला बोलता आलं नाही तर काय हवं, काय नको, आणि माझ्या वतीनं कुणी बोलायचं. काय नको ते मी लगेच लिहिलं. वतीनं कोण, इथे गाडी अडली. वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला नका घालू. मला विचारलं तर मी म्हणेन ठेवा, कसंही ठेवा, नळ्या लावून ठेवा, पण ठेवा. मला माहितीये मी तसंच म्हणेन." चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल ती इतकं गोड कधी बोलली नव्हती, आणि तेही मला अपात्र ठरवताना.

समोरचा शिंपी तयार झाला. लगेच तयार झाला. मी नाही म्हटलं.

मला असा माणूस हवा आहे, जो चारचौघांच्या ओरड्यासमोर उभा राहून पुरे म्हणू शकेल. असा मला आयुष्यात एकच भेटला, आणि त्याला मी घराबाहेर काढलं. फॉर्मवर तुझं नाव पेन्सिलीनं लिहिलंय. सिस्टर म्हणते पेन लागतं, आणि आधी त्या माणसाला विचारावं लागतं.

विचारतोय. नाही म्हणालास तरी राग धरणार नाही. थोडा धरेन. पण तो मनातच ठेवीन.

दादा

१९ मे

बारक्या,

तू परत गेल्यापासून घर मोठं वाटतंय, म्हणजे तू किती जागा अडवत होतास बघ.

वहिनी सगळ्यांना सांगतेय, "दीर आले, दारात उभे राहिले आणि पहिलं वाक्य काय, तर इथे एवढं उंच स्टूल कुणी ठेवलं, दादा पडेल." नऊ वर्षांची बोलणी मी मनात जुळवून ठेवली होती, आणि आपण दहा मिनिटं स्टुलाच्या पायांवर भांडलो. तू ते कापून दोन बोटं बुटकं केलंस. आता टेबल माझ्या छातीशी येतं. राहू दे.

सिस्टर तुझ्यावर खूश आहे. म्हणाली, इतके प्रश्न तिला परीक्षेतही विचारले नव्हते. रात्री-अपरात्री धाप वाढली तर कुणाला फोन, कुठलं औषध आधी, हॉस्पिटलात कधी न्यायचं आणि कधी नाही न्यायचं. वहिनीच्या वहीत तुझ्या अक्षरात चार पानं झाली. मी शेजारी बसून काज करत होतो आणि माझ्याबद्दल चाललेलं ऐकत होतो. चमत्कारिक वाटतं, पण भीती वाटली नाही. तू विचारत होतास म्हणून असेल.

मग ती गेल्यावर तू माझ्याकडे वळलास ते मला परत परत आठवतं.

"दादा, नळी नको?"

"नको."

"नक्की?"

"लिहून दिलंय ना. मला घरीच ठेवा. त्रास होऊ देऊ नका, बाकी काही नको."

"आणि ऐन वेळी वहिनी रडायला लागली, न्या म्हणाली, तर?"

"तर तिचा हात धर. आणि सिस्टरला फोन लाव."

तू फॉर्म आपल्याकडे ओढलास. मग म्हणालास, "आणि मीच रडायला लागलो तर?"

"तर वहिनी तुझा धरेल. तिला सवय आहे, मला धरून बसायची."

तेव्हा तू हसलास आणि सही केलीस. पेन चालेना म्हणून दोनदा गिरवलंस. फॉर्मवर तुझं नाव जरा जाड दिसतंय.

माझं वजन अर्धा किलो उतरलंय, म्हणजे पाणी उतरलंय, म्हणजे चांगलं. हेडमास्तरांच्या दोन्ही पँटी झाल्या. पुढचं कळत नाही. डॉक्टरीणबाईंना मी आता विचारत नाही, त्याही सांगत नाहीत, आमचं बरं चाललंय. दुपारी पडतो, चारला उठतो, समोरचा चहाला येतो. काल जिना चढताना दोनदा थांबावं लागलं, हे वहिनीला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण आता तुला माहीत असायला हवं.

उद्या मंगळवार. सिस्टर येईल, पाय बघेल, वजन बघेल, आणि विचारेल, भाऊ नीट पोहोचले का. मला काय माहीत? तू काही कळवलंच नाहीस.

पोहोचलास का?

दादा